चहाचा हिशेब

मैत्रिणींनो, मधुमेह निघाला की घरात पहिली बंदी येते ती भात-बटाट्यावर. श्रीखंडाचं तर नावच नको! पण कपातून नि पेल्यातून पोटात काय जातं, तिकडे आपलं लक्षच नसतं. ‘मी गोड खातच नाही हो,’ म्हणणाऱ्या बाईला दिवसाचे चहा तेवढे मोजायला सांगा.

उठल्यावर एक, यजमानांबरोबर एक, डबे भरून झाले की पातेल्यात उरलेला अर्धा (टाकवत नाही ना!), दुपारी शेजारीण आली की एक, दिवेलागणीला एक. कपाला दोन चमचे धरले तर नऊ चमचे, म्हणजे जवळजवळ ४० ग्रॅम साखर झाली. दिवसभराची वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सुचवलं, आणि तेही चांगल्या धडधाकट माणसांना!

भाकरी-भाजी पचायला वेळ लागतो. गोड पेय मात्र पोटात फार रेंगाळत नाही, त्यामुळे रक्तातली साखर झरकन चढते. फळांच्या रसाचंही तेच. दोन-तीन मोसंब्यांचा रस आपण एका दमात पितो नि चोथा फेकून देतो. त्यापेक्षा एक मोसंबं सोलून खावं. गुळाचा चहा चालतो, ही तर निव्वळ समजूत आहे. गूळही बहुतेक साखरच. उसाच्या रसाच्या एका पेल्यात २०-२५ ग्रॅम साखर सहज असते.

मग प्यायचं काय? पाणी, जिरं-मीठ लावलेलं पातळ ताक, आमसुलं भिजवून घरी केलेलं बिनसाखरेचं सरबत. बाटलीतलं कोकम सरबत नको, त्यात साखरच फार. शहाळं कधीमधी चालेल, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चहा सोडा, असं मी म्हणणार नाही. माझाच सुटत नाही! फक्त साखर पातेल्यात घालू नका, ज्याच्या त्याच्या कपात घाला. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. आलं, गवती चहा घातला की जीभ फारशी कुरकुरत नाही. दूध घातलंत तर त्यातही थोडी साखर असतेच, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक. उपाशीपोटी रक्त तपासायला जाताना ‘नुसता घोटभर चहा’ पिऊन जाऊ नका. आकडा चुकतो आणि औषधाचं गणितही चुकतं.

आता याच्या अगदी उलट गोष्ट. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना जेवण लांबलं, तर साखर एकदम उतरते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणं असंबद्ध होतं. मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, किंवा मीटर जवळ नसेल तरीही, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. कमीच असेल तर तेवढंच परत द्या. बरं वाटलं की काहीतरी खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नका, तडक दवाखाना गाठा.

साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे, हे घरातल्या मुलांना आजच दाखवून ठेवा.