इंग्रजीच्या वर्गात खिदळणाऱ्यांना



7 नोव्हेंबर 1900. साताऱ्याचे सरकारी हायस्कूल, म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल. इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपण हार घालतो, फोटो टाकतो. पण त्या शाळेत भिवाच्या वाट्याला काय आले? कोपऱ्यातली जागा, घरून आणलेले गोणपाट आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

आता सांगली जिल्ह्यातल्या एका विहारात चालणाऱ्या आपल्याच इंग्रजी वर्गाचे ऐका. मी मागे सतरंजीवर बसलो होतो. बारावीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "ही डोन्ट नो." शिकवणाऱ्याने तिची नक्कल केली. पोरं खिदळली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. इथे गोणपाट नव्हते, पाणी एकाच माठातले होते. तरी पोरगी कोपऱ्यात गेलीच!

काही कार्यकर्ते म्हणतात, थट्टेने माणूस लवकर शिकतो. साफ खोटे. थट्टेने माणूस गप्प होतो, आणि गप्प बसलेल्याची चूक सुधारणार कशी? ज्यांच्या घरात इंग्रजी पेपर येतो त्यांची पोरं घरीच चुकून घेतात. जिची आई भांगलणीला जाते तिने चुकायचे कुठे? तिचे वाक्य पुरे होऊ द्या, मग सांगा की "ही"बरोबर "डझन्ट" येते. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

शिकणाऱ्यांनाही सोडणार नाही. नोकरीवरून थकून येऊन फुकट शिकवणाऱ्या एका दादाला तिथल्याच एका एम. ए. झालेल्या पोराने भर वर्गात ऐकवले, "सर, आधी तुमचे उच्चार सुधारा." अंगठा मागणाऱ्या द्रोणाचार्यापुढे मान तुकवा, असे मी म्हणत नाही. गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे. पण ती चिकित्सा होती, टवाळी नव्हे. शंका असेल तर शब्दकोश उघडून दोघांनी मिळून बघा. "मला माहीत नाही, उद्या सांगतो" म्हणताना शिकवणाऱ्यानेही लाजू नये.

परवा त्या मुलीच्या घरी गेलो होतो. आई म्हणाली, "दादा, यील की ती. पर पोरं परत हसायची न्हाईत न्हवं?"

7 नोव्हेंबरच्या कार्यक्रमाची वर्गणी मागायला समिती तिच्या दारात जाणारच आहे. तेव्हा याचे उत्तर घेऊन जावे.