गल्ला एक, दुकाने बत्तीस

एकाच पेठेत एकच माल विकणारे बत्तीस दुकानदार आहेत. कमाईचा मोठा हिस्सा ते एका पेटीत टाकतात आणि सर्वांना सारखा वाटतात. ज्याच्या दारात गिऱ्हाइकांची रीघ लागते त्यालाही तेवढेच, आणि जो कोपऱ्यात माश्या मारीत बसतो त्यालाही तेवढेच. आमच्या व्यापारी बंधूंना हे सांगितले तर ते म्हणतील, हा धंदा सहा महिन्यांत बसणार. परंतु अमेरिकेत असा धंदा साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि कमाईत जगातील दुसरी कोणतीही क्रीडा लीग त्याच्या पुढे नाही.

हा धंदा म्हणजे तिथली नॅशनल फुटबॉल लीग. हा फुटबॉल आपल्याकडची पोरे मैदानात खेळतात तो नव्हे. चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचे असते, आणि खेळाडूच्या डोक्यावर हेल्मेट व खांद्यांवर जाड गाद्या असतात. पण खेळाचे नियम हा या पानाचा विषय नाही. आम्हाला पाहायची आहे ती वही.

लीगचा जन्म १९२० मध्ये ओहायो राज्यातील कँटन गावात, मोटारी विकण्याच्या एका शोरूममध्ये झाला. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून काही मंडळी मोटारींच्या पायऱ्यांवर बसली असे सांगतात. प्रत्येक संघाची वर्गणी शंभर डॉलर ठरली, आणि ती वसूल झालीच नाही असे त्यातलेच लोक पुढे सांगत. अॅक्रन, डेटन, डेकेटर, रॉक आयलंड अशा लहान गावांचे हे संघ होते. त्यातले बहुतेक काही वर्षांत बंद पडले. डेकेटरचा संघ शिकागोला गेला म्हणून जगला. पैसा मोठ्या शहरात, गिऱ्हाईक मोठ्या शहरात, मग लहान गावाचे दुकान टिकायचे कसे? हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही.

लीगच्या मालकांना एक गोष्ट मात्र हळूहळू उमगली. कापडवाल्याला शेजारचे कापडाचे दुकान बंद पडले तर मनातून बरे वाटते, कारण गिऱ्हाईक त्याच्याकडे वळते. खेळात तसे होत नाही. समोरचा संघच मेला तर सामना कोणाशी खेळणार? आणि समोरचा संघ अगदीच दुबळा असला तर तिकीट काढून येणार कोण? प्रतिस्पर्धी जिवंत राहणे, एवढेच नव्हे तर तगडा राहणे, हे इथे भांडवल आहे.

म्हणून १९३५ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी एक सूचना मांडली. कॉलेजातून येणारे नवे खेळाडू निवडताना ज्या संघाची कामगिरी सर्वात वाईट त्याने आधी निवडायचे, विजेत्याने शेवटी. ती १९३६ पासून अमलात आली. गंमत अशी की पहिलाच खेळाडू बेल यांच्या संघाने निवडला आणि तो गडी व्यावसायिक सामना कधी खेळलाच नाही. व्यवस्था मात्र आजतागायत चालू आहे. यात मजुराच्या बाजूचे एक दुखणे आहे, तेही सांगितले पाहिजे. हुशार पोराला आपला पहिला मालक आपण निवडता येत नाही.

खरी कसोटी आली ती टेलिव्हिजनच्या पैशावर. तोवर प्रत्येक संघ आपापला सौदा करीत असे, आणि न्यूयॉर्क, शिकागोसारख्या शहरांचे संघ साहजिकच जास्त कमवीत. १९६० मध्ये पीट रोझेल लीगचे कमिशनर झाले. त्यांनी मालकांना गळ घातली की हक्क एकत्र विका आणि पैसे सारखे वाटा. न्यूयॉर्कचे मारा कुटुंब आणि शिकागोचे जॉर्ज हालास यांनी मान्यता दिली. आमच्या मते या साऱ्या कथेतील सर्वात मोठा निर्णय तोच. देण्याची बाब त्यांच्या हातात होती, घेणारे बाकीचे होते.

अडथळा कोर्टाचा आला. विक्रेत्यांनी एकी करून माल विकणे म्हणजे बाजारातील स्पर्धा मारणे, असे अमेरिकेचा कायदा मानतो. लीगचा पहिला करार कोर्टाने अडवला. तेव्हा संसदेने खास कायदा केला आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ३० सप्टेंबर १९६१ रोजी त्यावर सही केली. पुढच्याच वर्षी सीबीएस कंपनीने वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलर कबूल केले. तेव्हा संघ चौदा होते, म्हणजे प्रत्येकी सव्वातीन लाखांवर पडले. १९६० मध्ये निघालेल्या दुसऱ्या एका लीगनेही आरंभापासून अशीच वाटणी ठेवली होती. त्या दोघींनी १९६६ मध्ये एक होण्याचे ठरवले आणि १९७० मध्ये त्या एक झाल्या. एकीकडे सोळा संघ, दुसरीकडे दहा. दोन्ही बाजू तेरा-तेरा करण्यासाठी बाल्टिमोर, क्लीव्हलँड आणि पिट्सबर्ग या संघांनी बाजू बदलली आणि त्याबद्दल प्रत्येकी ३० लाख डॉलर घेतले.

आजची मांडणी २००२ पासूनची आहे. एकूण बत्तीस संघ आहेत. त्यांच्या दोन कॉन्फरन्स, एक अमेरिकन आणि एक नॅशनल, प्रत्येकीत सोळा संघ. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये पूर्व, उत्तर, दक्षिण आणि पश्चिम असे चार गट, आणि गटात चार संघ. नावे दिशांची असली तरी नकाशा काटेकोर नाही. डल्लस हे टेक्सासमधील शहर, पण त्याचा संघ पूर्व गटात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टनबरोबर बसतो. जुने वैर आहे, आणि वैराला गिऱ्हाईक असते. हंगामात प्रत्येक संघ सतरा सामने खेळतो, त्यातील सहा आपल्या गटातील तिघांशी, प्रत्येकाशी दोनदा. उरलेले वेळापत्रक ठरवतानाही गेल्या वर्षीचा क्रमांक पाहून काही सामने तोलामोलाच्या संघाशी लावतात. शेवटी आलेला संघ लीगमधून बाहेर पडत नाही. नवा मालक घ्यायचा किंवा संघाने शहर बदलायचे तर बत्तीसपैकी चोवीस मते लागतात. दार किती अरुंद झाले पहा: १९२० मध्ये प्रवेश शंभर डॉलर होता, १९९९ मध्ये ह्यूस्टनच्या नव्या संघासाठी ७० कोटी डॉलर मोजावे लागले.

वाटणीचा सर्वात चांगला पुरावा ग्रीन बे हे गाव आहे. वस्ती लाखाच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावासारखी. तिथला पॅकर्स संघ कोणा एका धनिकाचा नाही. १९२३ पासून तो गावकऱ्यांच्या आणि चाहत्यांच्या शेअरवर उभा आहे. आज भागधारक पाच लाखांवर आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही आणि शेअर बाजारात विकता येत नाही. हा संघ आपला ताळेबंद जाहीर करतो, म्हणून आपल्यालाही आतली गोष्ट कळते: २०२४-२५ या वर्षी सामाईक पेटीतून त्याच्या वाट्याला ४३ कोटी डॉलरहून अधिक आले. न्यूयॉर्कच्या संघांनाही तेवढेच. तिकिटांतूनही पाहुण्या संघांचा म्हणून सुमारे ३४ टक्के भाग सर्वांच्या पेटीत जातो.

सगळेच वाटले जाते असे मात्र नाही. स्टेडियममधील महागडे कक्ष, पार्किंग, खाद्यपदार्थ आणि स्थानिक जाहिराती यांचा पैसा ज्याचा त्याच्याकडे राहतो, आणि श्रीमंत-गरीब ही दरी तिथूनच पुन्हा डोके वर काढते. १९९५ मध्ये डल्लसच्या मालकांनी शीतपेयाचे आणि बुटांचे करार परस्पर केले तेव्हा लीगने त्यांच्यावर दावा लावला, त्यांनी उलट दावा केला, आणि पुढच्या वर्षी समेट झाला.

दुसरा एक लहान बाजार म्हणजे फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल. त्या संघाचे मालक शाहिद खान. जन्म लाहोरचा. सोळाव्या वर्षी इंजिनिअरिंग शिकायला इलिनॉयला गेले आणि तासाला सव्वा डॉलरहून कमी मजुरीवर भांडी घासली. पुढे मोटारीच्या बंपरच्या कारखान्यात नोकरी, मग स्वतःचा छोटा कारखाना, आणि १९८० मध्ये जुन्या मालकाचाच कारखाना विकत. पिकअप ट्रकसाठी एकसंध पत्र्याचा बंपर ही त्यांची करामत. डिसेंबर २०११ मध्ये लीगने त्यांना मालक म्हणून मान्य केले. कारागिरीतून आलेला माणूस या बत्तिसांत बसला याचे आम्हाला कौतुक आहे, ते लपवण्याचे कारण नाही. आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झालेल्या आयपीएलमध्येही टेलिव्हिजनचे हक्क एकत्र विकून संघांना हिस्सा देतात, तेव्हा ही रीत आता आपल्याला परकी उरलेली नाही.

इथवर आम्ही त्या मालकांच्या बाजूचे. पण एकीचा हाच हात टोपीवाल्यावर उगारला गेला तेव्हा आम्ही टोपीवाल्याच्या बाजूचे.

इलिनॉयमध्येच अमेरिकन नीडल नावाची टोप्या बनवणारी कंपनी आहे. संघांची चिन्हे असलेल्या टोप्या ती कित्येक वर्षे परवाना घेऊन बनवीत असे, आणि तसे परवाने तिच्याप्रमाणे इतरांकडेही होते. संघांनी आपली चिन्हे वापरू देण्याचे काम १९६३ पासून एका सामाईक कंपनीकडे सोपवले होते. २००० च्या डिसेंबरात संघांनी ठरवले की परवाना एकालाच द्यावा. सर्व संघांच्या टोप्यांचा दहा वर्षांचा ठेका रीबॉकला मिळाला. बाकीच्यांचे परवाने नव्याने झाले नाहीत. म्हणजे एक गिऱ्हाईक तुटले तर दुसरे धरावे, असे कारागिराला करता येईना, कारण सगळी गिऱ्हाइके एकाच सहीने तुटली होती.

कंपनीने २००४ मध्ये दावा लावला. लीगचा युक्तिवाद असा की आम्ही बत्तीस नाही, आम्ही एकच दुकान आहोत, आणि एकटा माणूस स्वतःशी संगनमत कसे करील? खालची दोन्ही कोर्टे हे मानून बसली. जिंकलेली लीगच मग म्हणाली की सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकावेच. देशभर कायमची मोकळीक मिळेल असा तिचा हिशेब. तो चुकला. २४ मे २०१० रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी लीगच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिले त्याचा आशय असा: सामना भरवायला एकी लागते हे खरे, पण प्रत्येक संघाचा मालक वेगळा, नफा वेगळा, आणि टोपीवर चिन्ह विकताना ते एकमेकांचे प्रतिस्पर्धीच आहेत.

आम्हाला हा भेद पटतो. एकट्याला जे बनवताच येत नाही, ते मिळून बनवावे आणि मिळून खावे. पण टोपी ग्रीन बेची वेगळी विकता येते, डल्लसची वेगळी. तिथे एकी केली ती गरज म्हणून नव्हे, कारागिराला पर्याय राहू नये म्हणून. एकाला ठेका देणे हा मुळातच गुन्हा आहे असे न्यायालय म्हणाले नाही. त्याचा जाब कायद्यापुढे द्यावा लागेल एवढेच म्हणाले आणि प्रकरण खाली पाठवले. ते २०१५ मध्ये तडजोडीने मिटले. तोवर रीबॉकचा ठेका संपला होता, आणि २०१२ पासून मैदानावरच्या टोपीचा परवाना न्यू एरा या दुसऱ्या बड्या कंपनीकडे गेला होता.