यानाला ओटा नसतो

हल्लीं सुशिक्षित घरांतील तरुण आपल्या स्वभावाला एखादें शास्त्रीय नांव देऊन मोकळे होतात. "मी अंतर्मुख आहें" म्हटलें, कीं कार्यप्रसंगीं न जाण्याचें आणि पाहुण्यांशीं न बोलण्याचें कारण सिद्ध झालें. युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या १९२१ सालच्या ग्रंथानें अंतर्मुख व बहिर्मुख हा भेद लोकप्रसिद्ध केला. तो निरुपयोगी आहे असें नव्हे; अबोल मुलास "घुमा" म्हणून हिणविण्यापेक्षां "अंतर्मुख" म्हणणें केव्हांही दयेचें. परंतु या नांवाचा अधिकार कोठवर चालतो, हें पाहावयाचें असेल तर अंतराळप्रवासासारखी कसोटी नाहीं.

एकांतप्रिय मनुष्यास वाटतें, असा प्रवास आपल्यासाठींच आहे. ना गर्दी, ना सोयरेधायरे. यांत एक मोठा घोटाळा आहे. रितें असतें तें अंतराळ. यान रितें नसतें. घरांत खटका उडाला म्हणजे आपण ओट्यावर जाऊन बसतों, देवदर्शनास जातों आणि घटकाभरानें शांत होऊन परततों. यानाला ओटा नसतो. तेथें मनसोक्त एकांतही नाहीं आणि नवा माणूसही भेटत नाहीं. म्हणजे अंतर्मुख व बहिर्मुख या दोघांचीही सारखीच अडचण. १९८२ सालीं बेरेझोवॉय व लेबेदेव हे सोव्हिएत अंतराळवीर साल्यूत-७ या स्थानकावर २११ दिवस राहिले. मधून मधून पाहुणे आले, तरी बहुतेक काळ दोघेच. लेबेदेव यांची दैनंदिनी पुढें प्रसिद्ध झाली. तींत कामाच्या अभिमानाबरोबर परस्परांतील चिडचिड व अबोला यांचीही नोंद आहे. आणि हे दोघेही कसून निवडलेले, धैर्यवान पुरुष!

याच्या उलट उदाहरण पाहा. १९६९ सालीं आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले असतां मायकेल कॉलिन्स एकटेच चंद्राभोंवतीं फिरत होते. प्रत्येक फेरींत चंद्राआड गेल्यावर सुमारें ४८ मिनिटें पृथ्वीशीं त्यांचा संबंध तुटे. जगानें त्यांना सर्वांत एकाकी मनुष्य ठरविलें. त्यांनीं मात्र आपल्या पुस्तकांत तें नाकारलें आणि त्या घटकांविषयीं समाधानच व्यक्त केलें. तेव्हां स्वतः लावलेलें नांव जसें अपुरें, तसेंच लोकांनीं लावलेलेंही.

मंगळाची वाट याहून बिकट. तेथून निघालेला शब्द पृथ्वीवर पोंचण्यास, ग्रहांतील अंतरानुसार, सुमारें ३ ते २२ मिनिटें लागतात; मग तो संवाद कसला, पत्रव्यवहारच. त्या प्रवासाची तालीम म्हणून मॉस्को येथें जून २०१० ते नोव्हेंबर २०११ पर्यंत ५२० दिवस ६ पुरुष एका बंद वास्तूंत राहिले. भिंती त्याच, दिनक्रम तोच, सोबती तेच. तथापि एकास निद्रानाश जडला, एकाच्या मनावर बहुतेक काळ विषादाचें सावट राहिलें, तर दोघांना विशेष कांहींच त्रास झाला नाहीं. मौज अशी कीं, आपसांतील खटक्यांपेक्षां बाहेरच्या नियंत्रण-केंद्राशीं झालेले खटके सुमारें पांचपट भरले. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस याचा उलगडा सांगावयास नको. जवळच्यावर काढतां न येणारा राग दूरच्यावर निघतो.

म्हणूनच निवड करणारे उमेदवाराला "तूं कोण?" एवढेंच विचारून थांबत नाहींत. जपानच्या अंतराळसंस्थेनें २००८-०९ सालच्या निवडींत उमेदवारांना आठवडाभर बंद वास्तूंत ठेवून त्यांच्याकडून कागदाचे क्रौंच पक्षी करून घेतले, आणि आरंभींच्या पक्ष्यांच्या घड्या शेवटच्या पक्ष्यांशीं ताडून पाहिल्या. कंटाळा आला, वेळ संपत आला, म्हणजे हात कसा चालतो, हें त्या घड्याच सांगतात. पुष्कळदां तें स्वतः उमेदवारासही ठाऊक नसतें.

'स्वभाव' या शब्दांतील 'भाव' हा 'भू' धातूपासून झाला आहे. भू म्हणजे असणें, तसेंच होणें. आपण पहिला अर्थ तेवढा पाठ करतों. वर्गांत घुमीं म्हणून ओळखलीं जाणारीं मुलें संमेलनाच्या रंगभूमीवर गर्जतांना मीं पाहिलीं आहेत, आणि वर्ग गाजविणारे वाचाळ वीर आजारी पित्याच्या उशाशीं रात्ररात्र मुकाट बसलेलेही पाहिले आहेत. दोन्ही रूपें त्यांचींच.

अंतराळांत जाण्याचा योग आपल्या घरांतून फार थोड्यांस येईल. परंतु दीर्घ आजार, परदेशांतील पहिलें वर्ष, वृद्ध मातापितरांची शुश्रूषा, अशीं बंद यानें बहुतेकांच्या वांट्यास येतात. तेथें आपण अंतर्मुख कीं बहिर्मुख, हें कोणी विचारीत नाहीं. भांडणानंतर पहिला शब्द कोण बोलतो, आपला थकवा वेळींच कोण सांगतो, आणि उष्टीं भांडीं न सांगतां कोण उचलतो, एवढेंच दिसतें. तरुणांनीं आपल्या स्वभावास नांव जरूर द्यावें, पण त्याच्या आड बसूं नये. आणि वडीलधाऱ्यांनींही मुलाला एक नांव चिकटवून त्याच्याकडील अपेक्षा सोडूं नयेत; लहान लहान कामें त्याच्यावर सोंपवावीं, आणि तो तीं कशीं करतो, हें धीरानें पाहावें.