घरचें आरोग्य : पायांत मोडलेला कांटा

अंबड तालुक्यांतील आमच्या शेतावर एक सालगडी कित्येक वर्षें राबत आहे. बांधावरची बाभळ तोडतांना त्याच्या तळपायांत कांटा मोडला. त्यानें तो सुईनें काढला, वर हळद दाबली, आणि सर्वजण ती गोष्ट विसरून गेले. दीड वर्षानें पाऊल सुजून दगडासारखें कठीण झालें. दुखत मात्र फारसें नव्हतें, आणि हीच या रोगाची लबाडी! पुढें गांठी उठल्या, त्या फुटून छिद्रें पडलीं व पू वाहूं लागला. एका दवाखान्यांत पाय कापण्याचा सल्ला मिळाला, तेव्हां त्याची बायको आमच्या मातोश्रींपाशीं येऊन रडली. पायाच्या फडक्यावर रव्यासारखे पिवळट कण पडतात, असें ती बोलतां बोलतां म्हणाली. निदानाची वाट तेथूनच सांपडली.

मदुरा येथील दवाखान्यांत गिल नांवाच्या डॉक्टरानें १८४२ सालीं या विकाराची नोंद केली, म्हणून त्यास 'मदुरेचा पाय' म्हणतात. 'मायसेटोमा', म्हणजे बुरशीची गांठ, हें नांव मात्र आपल्या मुंबईंत पडलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनीं तें १८६० सालीं दिलें. ग्रेच्या सुप्रसिद्ध शरीररचनाशास्त्रांतील चित्रें काढणारे तेच हे गृहस्थ. पुढें ते साताऱ्यासही सिव्हिल सर्जन होते.

नांव बुरशीचें असलें तरी पुष्कळ रोग्यांत कारण निराळें असतें. नोकार्डिया, ॲक्टिनोमाड्युरा हे मातींत राहणारे जंतु तंतूंसारखे वाढतात, म्हणून बुरशीसारखे भासतात. वस्तुतः ते बॅक्टेरिया होत. हा भेद केवळ पंडिती नव्हे. बुरशी असल्यास दीर्घकाळ बुरशीनाशक औषध व बहुधा शस्त्रक्रिया लागते. बॅक्टेरिया असल्यास को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या व जरूर तेथें ॲमिकासिनचीं इंजेक्शनें यांनीं पाय वांचण्याची चांगली आशा असते. इंजेक्शनें चालू असतां मूत्रपिंडें व कान यांवर लक्ष ठेवावें लागतें. उलट हयगय केल्यास हेच जंतु हाडांत लवकर शिरतात.

कण काळे असले तर बहुधा बुरशी, तांबडे असले तर बॅक्टेरिया. पांढऱ्या-पिवळ्या कणांवरून मात्र नुसत्या डोळ्यांनीं निर्णय होत नाहीं. त्यासाठीं मांसाचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो व जंतु वाढवावे लागतात. चार दिवसांच्या नेहमींच्या गोळ्यांनीं हा रोग हटत नाहीं. फक्त वेळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं यास उपेक्षित रोगांत घातलें. कापसाच्या रानांत आणि मोसंबीच्या बागेंत अनवाणी वावरणाऱ्यांकडे कोण पाहतो!

आमच्या गड्याच्या पायांत बॅक्टेरियाच निघाले. आठ महिने औषध झालें; छिद्रें बुजलीं, सूज उतरली. आतां गोळ्या कशाला, असें तो विचारतो, आणि डॉक्टर अजून कित्येक महिने सांगतात. नव्या वहाणा झिजतील म्हणून तो त्या बांधावर काढून ठेवतो, त्यावरून मातोश्रींशीं त्याची रोज हुज्जत चालते.