खोक्यावरचं नाव

पॉप आर्टनं बाजारू संस्कृतीचे वाभाडे काढले, हे मी कलाशाळेत असल्यापासून ऐकतोय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. वाभाडे कसले? बाजारात ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याच्याच ताटातलं उचललं.

१९६४ साली न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत अँडी वॉरहॉलनं ब्रिलोची खोकी मांडली. ब्रिलो म्हणजे भांड्यांची साबण लावलेली तारेची घासणी. दुकानातलं खोकं पुठ्ठ्याचं, याचं प्लायवूडचं. वर सिल्कस्क्रीननं तीच अक्षरं. आर्थर डांटो या तत्त्वज्ञाला प्रश्न पडला: दोन्ही दिसायला सारखी, मग एक कला आणि दुसरं नुसतं खोकं, असं का? त्यावर ग्रंथ निघाले. मुळात ते खोकं काढलं कुणी, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.

जेम्स हार्वेनं. पोटासाठी वेष्टनं करायची आणि उरलेल्या वेळात स्वतःची अमूर्त चित्रं, असा तो चित्रकार. तांबडे पट्टे लाटेसारखे वळवून मधली पांढरी जागा वाहती ठेवणं आपोआप होत नाही. मी उपयोजित कलेतला माणूस. संगणक येण्याआधी एका अगरबत्तीच्या पुड्यासाठी मी रात्री दोनपर्यंत ब्रोमाइडची अक्षरं कापून रबर सोल्यूशननं चिकटवली आहेत. उचलायची, केसभर सरकवायची, पुन्हा चिकटवायची. त्या पुड्यावर माझं नाव नाही, आणि असावं अशी अपेक्षाही नव्हती. पण उद्या कुणी तोच पुडा दालनात मांडला आणि खाली स्वतःचं नाव घातलं, तर त्याला मी चोरच म्हणेन.

वॉरहॉलला हे कळत नव्हतं म्हणावं, तर तो स्वतः बुटांच्या जाहिरातींची चित्रं काढून वर आलेला! म्हणून राग जास्त येतो. रॉय लिक्टनस्टाइनचंही तेच. त्याचं १९६३ चं 'ड्राउनिंग गर्ल' टोनी अब्रुझोनं एका कॉमिकसाठी काढलेल्या चौकटीवरून केलेलं आहे. त्यानं रचना बदलली, आकार वाढवला, हे मान्य. पण बुडणारी ती मुलगी आधी अब्रुझोच्या हातून उतरली होती.

माल पुढे, कारागीर मागे, हाच तर बाजाराचा पहिला नियम. पॉप आर्टनं तो दालनात नेऊन इमानेइतबारे पाळला, आणि वॉरहॉल हे नावच एक ब्रँड झालं.

२०१० साली वॉरहॉलचं एक ब्रिलो खोकं लिलावात तीस लाख डॉलरांच्या वर गेलं. हार्वे १९६५ मध्येच वारला होता, चाळिशीही न बघता. ज्या ज्या संग्रहालयात ही खोकी आहेत, तिथल्या पाटीवर त्याचं नाव लिहा. ठळक नसलं तरी चालेल, वेष्टनावर निव्वळ वजन छापतात तेवढ्या टायपात लिहा. पण लिहा.