तळहातावरचं फुलपाखरू

मुलांनो, सिनेमात दाखवतात ते सगळं खरं असतं का? यान ट्रोएल यांच्या ‘एव्हरलास्टिंग मोमेंट्स’ (२००८) या स्वीडिश सिनेमातली छायाचित्रकार मारिया लार्सन खरोखर होऊन गेली. कहाणीत मात्र कल्पनाही मिसळली आहे.

घरात गरिबी, म्हणून मारिया सोडतीत मिळालेला कॅमेरा विकायला जाते. दुकानदार पेडरसन भिंगातून तिच्या तळहातावर फुलपाखराचं चित्र पाडतो. मारिया थक्क! विकायचा बेत मागे पडतो. ती फोटो काढू लागते आणि दोघांत अबोल प्रेम फुलतं.

ही भिंगाची जादू मात्र शंभर टक्के खरी! खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा, हळूहळू मागेपुढे करा. भिंतीवर खिडकी उमटेल, तीही उलटी! वरून आलेले किरण खाली पडतात, खालचे वर. भिंगातून सूर्याकडे मात्र कधीच बघू नका हं!