गोडी साखरेत, साखर डब्यात



दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतात. पाचवा आला की आपल्यापैकी बऱ्याच जणी म्हणतात, “हा द्रव्यांचा, फार कोरडा.” मला मात्र तोच सगळ्यात घरगुती वाटतो. त्यात प्रश्न आहे आधाराचा : काय कशाच्या आधाराने असते?

साखर डब्यात असते आणि गोडी साखरेत असते. दोन्हीकडे आपण ‘त’ हाच प्रत्यय लावतो, पण आधार एकसारखा नाही. साखर दुसऱ्या डब्यात ओतता येते. गोडी साखरेतून काढून वेगळी ठेवता येत नाही. उमास्वामी सांगतात की गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतात आणि गुणाला पुन्हा गुण नसतो. गोडीला आणखी कुठली गोडी?

डबा-साखरेसारखा आधार द्रव्या-द्रव्यांमधला. ‘सर्वार्थसिद्धी’त पूज्यपाद आचार्य म्हणतात, आकाश स्वतःच्याच आधाराने आहे, बाकीची द्रव्ये आकाशात आहेत हे व्यवहाराने. निश्चयाने पाहिले तर प्रत्येक द्रव्य आपल्या ठायीच आहे.

आता स्वयंपाकघरात या. “सुनेमुळे माझी शांती गेली,” असे आमच्या चंदनसारलाही ऐकू येते आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या माहेरांतही. जणू सासूची शांती ही सुनेच्या डब्यात ठेवलेली साखर! पण शांती आणि क्रोध या आपल्याच जीवाच्या पर्याय, म्हणजे बदलत्या अवस्था. सून निमित्त असेल, आधार नाही. क्रोध माझ्यात उठतो, म्हणून तो शमवण्याची जागाही माझ्यातच आहे. ‘उत्तम क्षमा’ म्हणायची ती याच भरवशावर.

हेच सूत्र उलटे वापरणारेही भेटतात. मार खाऊन आलेल्या मुलीला सांगतात, “दुःख तुझा पर्याय, तू समता ठेव.” हा मला शास्त्राचा गैरवापर वाटतो. तिचे दुःख तिच्या जीवात आहे हे खरे. पण मारणाऱ्याचा क्रोध आणि हिंसेचा भाव मारणाऱ्याच्याच जीवात आहे. त्याचा कर्मबंध त्यालाच. तो तिच्या पदरात कसा टाकता? शिवाय निमित्त हे आधार नसले, तरी निमित्त असतेच. मुलीला त्या घरातून बाहेर काढणे हेही चांगले निमित्त होणेच आहे.

म्हणून आधार विचारताना दोन्ही बाजूंनी विचारा. माझे ते माझ्यात, त्याचे ते त्याच्यात. एवढे नीट मांडले तर पाचवा अध्याय कोरडा राहत नाही.